सायकलची चेन बदलताना

आमच्या वडनेर भोलजीवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. ओझं घेऊन चढावर पेडलवर उभं राहावं आणि चेन तुटावी, तर माणूस भर रस्त्यात आदळतो. दगडांवरून सायकल उडवणाऱ्या ट्रायल्स खेळाडूंनाही हीच धास्ती. कारण चेनला वेग नव्हे, जागेवरून मारलेला जोर तोडतो.

चेन लांबली म्हणतो आपण. खरं तर तिच्या पिना आतून झिजतात. पट्टी लावून पाहा. पिनेपासून पिनेपर्यंत २४ कड्या म्हणजे १२ इंच. त्यावर एक सूत वाढलं, की बदलाच.

नवी घेताना आतली रुंदी पाहा. साध्या सायकलला एक सूत. गिअरच्या सायकलला त्याहून अरुंद. कड्या मोजून तेवढ्याच ठेवा. लॉकचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं, नाहीतर ते निसटू शकतं. चाक मागे ओढून मधोमध अर्धा इंच ढील राहू द्या. फ्रीव्हीलचे दाते झिजून टोकदार झाले असतील, तर तेही बदला. त्यांच्यावरून नवी चेन जोर लावताच सटकते.

रोलरवर थेंब थेंब तेल सोडा, वरचं पुसून घ्या. आणि पहिला जोर महामार्गावर नको, अंगणातच लावून पाहा.