परदेशी पाहुणे नव्हेत, शेजारी

पुणे-मुंबईसारख्या महानगरांत परदेशी कुटुंब दिसणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी निवडणारी कोरियन गृहिणी किंवा बागेत मुलाला सायकल शिकवणारा जर्मन अभियंता यांच्याकडे वळून पाहणारे कमी झाले आहेत. हिंगोलीसारख्या जिल्ह्याला हा विषय आजवर दूरचा वाटत आला. परंतु औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या 'लायगो-इंडिया' या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेमुळे तो जिल्ह्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे.

या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेली ही वेधशाळा भारतीय शास्त्रज्ञच चालवणार असले, तरी तिची महत्त्वाची यंत्रसामग्री अमेरिकेतील लायगो प्रयोगशाळेकडून येणार आहे. यंत्रांबरोबर ती जाणणारी माणसेही येतात, आणि मुक्काम महिन्यांवरून वर्षांवर गेला की माणसांबरोबर कुटुंबेही येतात. औंढ्याची निवड झाली त्यामागे तेथील जमिनीची स्थिरता आणि शांतता हे मोठे कारण होते. रेल्वे, कारखाने आणि महामार्गांची कंपने अशा उपकरणांना चालत नाहीत. म्हणजे यंत्राला हवे ते शहरापासूनचे अंतर नेमके माणसांच्या बिऱ्हाडाला जड जाणारे आहे. म्हणूनच महानगरांतील परदेशी कुटुंबांचे दैनंदिन जीवन कसे चालते, कशावर अडते आणि कशामुळे रुळते, हे समजून घेणे हिंगोलीकरांच्या उपयोगाचे आहे.

कोण असतात ही कुटुंबे?

पुण्यातील परदेशी वस्तीचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट कंपन्यांनी दोन ते पाच वर्षांसाठी पाठवलेल्या अधिकारी-अभियंत्यांचा. मर्सिडीज-बेंझ १९९४ मध्ये पुण्यात आली, फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. या प्रत्येक टप्प्यागणिक जर्मन आणि कोरियन बिऱ्हाडे वाढत गेली. दुसरा गट विद्यार्थी, संशोधक आणि अध्यात्माच्या ओढीने आलेल्यांचा. कोरेगाव पार्कातील ओशो आश्रम १९७४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून त्या परिसराला परदेशी चेहऱ्यांची सवय आहे.

तिसरा गट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अमेरिका-इंग्लंडचे नागरिकत्व घेतलेली आणि आई-वडिलांच्या वार्धक्यामुळे किंवा नोकरीमुळे परतलेली मराठी कुटुंबे कायद्याच्या दृष्टीने परदेशीच असतात. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'ओसीआय' कार्डामुळे त्यांना व्हिसाची आणि परदेशी नागरिक म्हणून नोंदणीची यातायात उरत नाही. पण न्यू जर्सीत जन्मलेल्या मुलीला मराठी शाळेतील शिस्त, सोसायटीतील पाण्याच्या वेळा आणि 'काकू-मामा' म्हणत घरात येणारे शेजारी हे सारे नवेच असते. तिचा संस्कृतिबदल जपानी मुलाच्या संस्कृतिबदलापेक्षा फारसा सौम्य नसतो. फरक एवढाच, की तिच्याकडून सगळे आधीच ठाऊक असल्याची अपेक्षा केली जाते.

पहिले दार कागदांचे

परदेशी कुटुंबाचा भारतातील पहिला महिना बहुधा कागदपत्रांत जातो. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना सर्वसाधारणपणे आगमनानंतर चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. मुंबईत हे काम परदेशी नागरिक विभागीय नोंदणी कार्यालय पाहते, तर जिल्ह्यांत ही जबाबदारी पोलिस अधीक्षकांकडे असते. २०१८ पासून यातील बरेचसे काम संगणकावरून होऊ लागल्याने खेटे कमी झाले. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आणि त्याच्या जोडीचे जुने कायदे रद्द करून त्यांच्या जागी नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला.

यात घरमालकाचीही एक जबाबदारी असते, जी अनेकांना ठाऊक नसते. आपल्याकडे परदेशी व्यक्ती राहायला आली, की तिची माहिती चोवीस तासांच्या आत अधिकाऱ्यांना कळवावी लागते. 'सी फॉर्म' या नावाने हॉटेलवाल्यांना ती परिचित आहे. घर भाड्याने देणारा सामान्य गृहस्थ मात्र कित्येकदा पोलिसांची विचारणा झाल्यावरच जागा होतो. या अज्ञानातून परदेशी भाडेकरू म्हणजे नसती कटकट असा समज पसरतो आणि घर मिळणे अवघड होते. प्रत्यक्षात ही नोंद संगणकावर काही मिनिटांत होते.

घर, पाणी आणि कामवाली बाई

घर मिळाल्यावर खरे शिक्षण सुरू होते. अकरा महिन्यांचा करार, भरभक्कम अनामत रक्कम, दलालाची दलाली, सोसायटीची परवानगी, मांसाहाराविषयीची चौकशी, हे सारे टप्पे पुणेकर भाडेकरूच्या वाट्यालाही येतात. पण त्याला त्यातील न बोललेले शब्द ऐकू येतात, परदेशी माणसाला ते येत नाहीत. 'बघू', 'उद्या करू', 'होऊन जाईल' या तीन उत्तरांतला फरक कळायला किमान एक पावसाळा जावा लागतो.

नळाचे पाणी थेट प्यायचे नाही, टाकी भरण्याची वेळ ठरलेली असते, वीज गेली की काय करायचे, हे गडी महिन्याभरात शिकतो. घरात रोज येणारी माणसे ही गोष्ट मात्र जर्मन किंवा जपानी कुटुंबाला अनोखी असते. त्यांच्या देशात मध्यमवर्गीय घरी धुणीभांडी करायला कोणी येत नाही. येथे बाई, चालक, इस्त्रीवाला, कचरा नेणारा, वॉचमन अशी पाच-सहा माणसे दिवसभर दाराशी येतात. पगार किती द्यावा, दिवाळीला काय द्यावे, सुट्टी कशी मोजावी, उसने मागितले तर काय करावे, याचे लिखित नियम नसतात. अनेक कुटुंबे सुरुवातीला संकोचतात आणि पुढे याच माणसांमुळे शहराशी जोडली जातात. आजारपणात दवाखाना दाखवणारी, पोळी लाटायला शिकवणारी आणि मुलांच्या कानावर मराठीचे पहिले शब्द घालणारी बहुधा घरातली बाईच असते.

जोडीदाराचा प्रश्न

या सर्वांहून नाजूक प्रश्न जोडीदाराचा असतो. नोकरीवर आलेल्या व्यक्तीला कचेरी असते, सहकारी असतात, दिवसाला आकार असतो. तिच्यासोबत आलेल्या पती किंवा पत्नीला अवलंबित म्हणून जो व्हिसा मिळतो, त्यावर नोकरी करण्याची मुभा नसते. म्युनिकला शिक्षिका असलेली, टोकियोत हिशेबनीस असलेली बाई पुण्यात अचानक 'साहेबांची बायको' होते. परदेशातील नेमणूक मुदतीआधी सोडून परतणाऱ्यांच्या कारणांत कुटुंबाचे न रुळणे हे कारण जगभर वारंवार आढळते. पगार कमी पडला म्हणून परतणारे थोडे, घरी दिवस जात नाही म्हणून परतणारे अधिक.

पुण्याने या प्रश्नावर नकळत एक उत्तर शोधले आहे. या शहरात जर्मन आणि जपानी शिकण्याची जुनी परंपरा आहे. मॅक्सम्यूलर भवनात आणि जपानी शिकवणाऱ्या वर्गांत दरवर्षी असंख्य मराठी मुले-मुली ही भाषा शिकतात. त्यामुळे परदेशी कुटुंबाला आपल्या भाषेत दोन शब्द बोलणारा माणूस बँकेत, दवाखान्यात, कधी शेजारच्या घरात भेटतो. दुभाषे म्हणून सुरू झालेले कित्येक परिचय पुढे घरोब्यात बदलतात. परदेशी कुटुंब शहरात रुजते ते अशा मध्यस्थांमुळे. चकचकीत मॉलमुळे नव्हे.

शाळा ठरवते पत्ता

कारखाना चाकणला असला तरी परदेशी अधिकाऱ्याचे घर चाकणला नसते. ते बहुधा शाळेच्या अंतरावर ठरते. पुण्यात १९९८ मध्ये हिंजवडीला मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल सुरू झाली, जी आज महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल म्हणून ओळखली जाते. मुंबईत अमेरिकन स्कूल ऑफ बॉम्बे १९८१ पासून आहे. जर्मन, फ्रेंच आणि जपानी मुलांसाठीही शाळा आहेत. दोन-तीन वर्षांनी मायदेशी किंवा तिसऱ्याच देशात जायचे असल्याने, तेथील वर्गात सहज सामावेल असाच अभ्यासक्रम पालकांना हवा असतो. या शाळांचे शुल्क सामान्य मराठी कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते आणि ते बहुतेकदा कंपनी भरते. त्यामुळे परदेशी मुले आणि शेजारची मुले एकाच इमारतीत राहूनही एका वर्गात क्वचितच बसतात. त्यांची गाठ पडते ती संध्याकाळी, सोसायटीच्या आवारात, क्रिकेटच्या निमित्ताने. म्हणून ते आवार शाळेइतकेच महत्त्वाचे.

हिंगोलीची जुनी छावणी

परदेशी कुटुंबांचा अनुभव हिंगोलीला अगदीच नवा नाही. निजामाच्या राज्यात, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची हिंगोली ही एक प्रमुख छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन होईपर्यंत इंग्रज अधिकाऱ्यांची कुटुंबे येथे नांदली. बंगला, खानसामा, आया, भिश्ती असा त्यांचा संसार असे आणि मुले सात-आठ वर्षांची झाली की त्यांना शिक्षणासाठी विलायतेला धाडण्याची रीत असे. शाळेचा प्रश्न तेव्हाही होताच; तो मुलांची ताटातूट करून सोडवला जाई.

निजामाच्या सेवेतील अधिकारी आणि लेखक फिलिप मेडोज टेलर यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीची एक हकिकत नोंदवली आहे. छावणीत प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरणारा हरिसिंग हा त्या भागातील ठगांचा म्होरक्या निघाला. अधिकाऱ्यांचे त्याच्याशी रोजचे देणे-घेणे होते. मुंबईहून कापड आणण्याचा परवाना त्याने अधिकाऱ्यांकडूनच मिळवला, वाटेत मूळ व्यापाऱ्याला ठार केले आणि तोच माल छावणीत राजरोस विकला. कुंपणाच्या आत राहून केवळ नोकर आणि व्यापारी यांच्यामार्फत जगाशी संबंध ठेवणाऱ्या वसाहतीला आपल्या दाराशी काय चालले आहे याचा पत्ता नव्हता, हे या हकिकतीचे सार आहे. कुंपण सुरक्षित वाटते. खरी सुरक्षितता ओळखीतून येते.

औंढ्यासाठी धडा

मोठा प्रकल्प आला की शहराबाहेर स्वतंत्र वसाहत बांधण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. भिलाईला रशियन आणि राउरकेल्याला जर्मन तंत्रज्ञ आले तेव्हा तसेच घडले. वेधशाळेच्या परिसरात निवासस्थाने लागतीलच. प्रश्न आहे तो त्यांत राहणाऱ्यांची मुले, जोडीदार आणि वृद्ध आई-वडील यांचा. त्यांचा दिवस हिंगोलीत नीट गेला नाही, तर शास्त्रज्ञ आठवड्याचे चार दिवस येथे आणि कुटुंब पुण्याला किंवा नांदेडला, अशी विभागणी होईल. मग जिल्ह्याच्या वाट्याला वेधशाळा येईल, पण वेधशाळेची माणसे येणार नाहीत.

काही गोष्टी जुळून येत आहेत. हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. औंढा नागनाथाचे मंदिर आणि संत नामदेवांचे नर्सी यांमुळे दूरवरून येणाऱ्या भाविकांची, विशेषतः पंजाबी भाविकांची, या भागाला सवय आहे. आता गरज आहे ती इंग्रजी चांगले शिकवणारी आणि सर्वांना परवडणारी शाळा, नोंदणीचे नियम माहीत असलेले घरमालक, दुभाष्याचे काम करू शकणारे स्थानिक तरुण आणि जोडीदारांना शिकवण्या, ग्रंथालय, विज्ञान मंडळ अशा कामांत सामावून घेणाऱ्या संस्था यांची. अवलंबितांना वेतनाची नोकरी करता येत नसली, तरी गावाच्या जीवनात भाग घेण्यास कोणी अडवत नाही.

यातील एकही गोष्ट केवळ परदेशी लोकांसाठी नाही. चांगली शाळा, जवळचा दवाखाना आणि विश्वासाने दिले-घेतलेले भाड्याचे घर कोलकात्याहून आलेल्या भारतीय शास्त्रज्ञालाही हवे असते आणि वसमतच्या हळद उत्पादकाच्या मुलीलाही. पुण्याच्या औंधमध्ये जे परदेशी कुटुंबाला आज सहज मिळते, ते हिंगोलीच्या औंढ्यात मिळू लागले, तर त्याचा पहिला लाभ हिंगोलीकरांनाच होईल.