घर रिकामे होण्यापूर्वी : जुन्या पॉप तबकड्यांचा संग्रह कशासाठी आणि कसा?

भिलाई : पोलाद कारखान्यातील कर्मचाऱ्याच्या निवृत्तीचा दिवस आधीच ठरलेला असतो आणि त्यापाठोपाठ कंपनीचे निवासस्थान सोडण्याची वेळही येते. तीस-पस्तीस वर्षांचा संसार खोक्यांत भरताना काय न्यायचे आणि काय टाकायचे, याचा निवाडा थोड्या दिवसांत करावा लागतो. भांडीकुंडी, कपडे, कागदपत्रे बरोबर जातात. माळ्यावरचा जुन्या ध्वनिमुद्रिकांचा जड गठ्ठा मात्र सहज भंगारवाल्याच्या वाट्याला जातो. ‘सगळी गाणी आता मोबाइलवर मिळतात’ हे त्यामागचे समर्थन पूर्णपणे खरे नाही. गाजलेली गाणी मिळतात. न गाजलेली गाणी अनेकदा अशा गठ्ठ्यांतच उरलेली असतात.

भिलाईतील अशा गठ्ठ्यांना विशेष महत्त्व का आहे, हे शहराच्या जन्मकथेवरून कळते. कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. ‘मिनी इंडिया’ हे बिरुद भिलाईला त्यामुळेच लाभले. नियमित पगाराची ही वसाहत आकाराला येत होती, नेमक्या त्याच दशकांत भारतातील मध्यमवर्गीय घरांत विनाइलची तबकडी स्थिरावत होती. त्यामुळे येथे एकाच गठ्ठ्यात मराठी भावगीत, बंगाली आधुनिक गीत, हिंदी चित्रपटगीत आणि इंग्रजी पॉप शेजारी-शेजारी आढळावे, हे स्वाभाविक आहे. त्यातच १९६४ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेलोडिया’ या सोव्हिएत सरकारी कंपनीची रशियन अक्षरांतील एखादी तबकडी निघाली, तर नवल वाटू नये.

लाखेपासून विनाइलपर्यंत

तबकडीचे छत्तीसगडशी आणखी एक जुने नाते आहे. विनाइलपूर्वीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेपासून बनत असत. पळस आणि कुसुम या झाडांवरील कीटकांपासून मिळणारी ही लाख भारतातून जगभर जाई. छत्तीसगड आजही देशातील प्रमुख लाख उत्पादक राज्यांपैकी एक आहे. दुसऱ्या महायुद्धात ही आयात धोक्यात आल्याने अमेरिकेने १९४२ मध्ये तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कठोर निर्बंध घातले आणि पर्यायी पदार्थांच्या शोधाला वेग आला. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी विनाइलची ‘लाँग प्लेइंग’ तबकडी बाजारात आणली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी काढली. जेथे एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे एक गाणे मावत असे, तेथे वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले.

भारतात हा बदल सावकाश झाला. सियालदह येथे १९०८ मध्ये सुरू झालेला आणि पुढे दमदमला गेलेला कोलकात्याचा ग्रामोफोन कारखाना साठच्या दशकातही ७८ फेऱ्यांच्या तबकड्या काढत होता, कारण वीज न पोहोचलेल्या घरांत किल्लीचे ग्रामोफोन वाजत होते. ब्रिटनमध्ये हा प्रकार १९६० च्या सुमारास थांबला होता. परिणामी बीटल्सची गाणी ‘पार्लोफोन’ची चिठ्ठी लावून ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर भारतात निघाली आणि त्या तबकड्या आज जगभरातील संग्राहक शोधत असतात.

अपयशी ठरलेल्या तबकड्यांचे मोल

आपल्याकडे लोकप्रिय संगीत म्हणजे मुख्यतः चित्रपटगीत. सत्तरच्या दशकात ‘पॉलिडॉर’ने एचएमव्हीच्या मक्तेदारीला आव्हान दिले, ‘शोले’ (१९७५) या चित्रपटातील संवादांची तिने काढलेली तबकडीही गाजली. चित्रपटाबाहेरच्या पॉपला मोठे यश मिळाले ते १९८१ मध्ये, नाझिया हसन आणि संगीतकार बिद्दू यांच्या ‘डिस्को दीवाने’मुळे. त्याच्या असंख्य प्रती खपल्या, त्यामुळे ती तबकडी आजही सापडते.

खरा प्रश्न खपली नाहीत त्या तबकड्यांचा आहे. मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. रोलंड कंपनीची त्या वेळी नवी असलेली इलेक्ट्रॉनिक वाद्ये वापरून त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. तबकडी विस्मरणात गेली. पुढे एका डच संग्राहकाला तिची प्रत दिल्लीत मिळाली आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली. शिकागोत जन्मलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताशी तिचे साम्य पाहून जगभरचे श्रोते थक्क झाले. रूपा बिस्वास यांनी कॅनडातील कॅलगरी येथे ध्वनिमुद्रित केलेल्या ‘डिस्को जॅझ’ची (१९८२) कथाही अशीच आहे. भारतात दुर्लक्षित राहिलेली ही तबकडी २०१९ मध्ये अमेरिकेतील ‘न्यूमेरो ग्रुप’ने नव्याने काढली. दोन्ही वेळा संगीत जगाच्या कानी पुन्हा पडले, ते कोणीतरी एखादी प्रत फेकून दिली नव्हती म्हणून.

तबकडी कशी वाचावी?

संग्राहकासाठी तबकडी ही ऐकण्याइतकीच वाचण्याची वस्तू आहे. मधल्या चिठ्ठीवर कंपनी, गायक, संगीतकार आणि अनुक्रमांक असतो. अनुक्रमांकाच्या आधीची अक्षरेही बोलकी असतात. उदाहरणार्थ, एचएमव्हीच्या जुन्या तबकड्यांवरील ‘ईसीएलपी’ ही अक्षरे एकमार्गी म्हणजे मोनो, तर ‘ईसीएसडी’ ही अक्षरे स्टिरिओ ध्वनिमुद्रण दर्शवतात. चिठ्ठी आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर साच्याचा क्रमांक कोरलेला असतो. मूळ छपाई आणि नंतरची आवृत्ती यांतील फरक ओळखण्यास त्याची मदत होते. वेष्टनाच्या मागच्या बाजूस वादकांची नावे, मुद्रणाची माहिती आणि क्वचित दुकानदाराचा शिक्काही असतो. मोबाइलवरील गाण्याबरोबर यातले फारच थोडे येते.

तबकडी जपताना भिलाईच्या हवामानाचे भान ठेवावे लागते. येथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. तबकडीचे विनाइल सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे नरम होऊ लागते आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत किंवा पत्र्याखालच्या पेटीत तापमान तेवढे चढू शकते. म्हणून तबकड्या आतल्या भिंतीच्या कपाटात, पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचल्यास खालच्या वाकतात. पावसाळ्यात वेष्टनांवर बुरशी येते. तबकड्या हवेशीर जागी ठेवणे आणि ओलसर वेष्टने वेगळी करणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

स्वच्छतेबाबत एक चूक महागात पडते. विनाइलसाठी शुद्ध केलेल्या पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून वापरण्याची पद्धत आहे. लाखेच्या तबकडीवर मात्र अल्कोहोलचा थेंबही पडता कामा नये, कारण लाख त्यात विरघळते. सुईचेही तसेच आहे. ७८ फेऱ्यांच्या रुंद खाचेला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, तर विनाइलच्या बारीक खाचेला १८ ते २५ मायक्रॉनची. एकीची सुई दुसरीवर लावल्यास आवाज बिघडतो आणि खाचही खराब होते.

किंमत नव्हे, आधी नोंद

अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइलच्या तबकड्यांची विक्री नगसंख्येत सीडींपेक्षा अधिक झाली. १९८७ नंतर प्रथमच असे घडले. या नव्या आवडीमुळे जुन्या मालाचे भाव वाढले आणि घरातील प्रत्येक तबकडी म्हणजे घबाड, असा समजही पसरला. वास्तवात अमाप खपलेल्या चित्रपटगीतांच्या झिजलेल्या प्रतींना फारसा भाव येत नाही. मोल ठरते ते दुर्मिळता, खाचांची स्थिती आणि वेष्टनाची अवस्था यांवर. मात्र आपल्याकडील तबकडी दुर्मिळ आहे की नाही, हे यादी केल्याशिवाय कळत नाही.

भारतात हे काम शिस्तीने करण्याचा पायंडा मुंबईत पडला. ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० मध्ये तेथे स्थापन झाली. तिचे मानद सचिव सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रवणसत्रे घेतली, तबकड्यांच्या सूच्या तयार केल्या आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले. वैयक्तिक छंदाला सार्वजनिक दस्तऐवजाचे रूप त्यातून मिळाले.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतात. त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकांतील गाणी परवानगीविना सार्वजनिकरीत्या प्रसारित करणे योग्य नाही. यादी करणे, चिठ्ठी आणि वेष्टनाचे तपशील टिपून ठेवणे याला मात्र कोणतीच आडकाठी नाही.

यादीसाठी एक वही पुरते : कंपनी, अनुक्रमांक, साच्याचा क्रमांक, गायक, संगीतकार, भाषा, तबकडीची स्थिती आणि ती घरात कोणी, कोठून आणली. शेवटचा तपशील कोणत्याही चिठ्ठीवर नसतो. तो फक्त घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असतो. संग्रह सांभाळणे शक्य नसेल, तर यादीसह तो जाणकार संग्राहकाकडे सोपवता येतो. खैरागड येथे १९५६ मध्ये स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय भिलाईहून फार दूर नाही. तेथेही विचारणा करता येईल. सुरुवातीच्या पिढीने उभी केलेली घरे एकेक करून रिकामी होत आहेत. सामान बांधण्यास घेण्यापूर्वी एक रविवार या गठ्ठ्यासाठी राखून ठेवला, तर कोणालाच ठाऊक नसलेले एखादे गाणे भंगारात जाण्यापासून वाचू शकेल.