नागरी वारसा-जतन

शहराच्या हद्दीतील ऐतिहासिक, वास्तुशिल्पीय वा सांस्कृतिक महत्त्वाच्या इमारती, वाडे, बाजार, रस्ते व मैदाने टिकून राहावीत, म्हणून महानगरपालिका, नगरपालिका व तत्सम स्थानिक संस्थांनी केलेली व्यवस्था. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाहून ती भिन्न होय. लेणी, किल्ले, मंदिरे यांसारखी स्मारके भारतात १९०४ च्या व पुढे १९५८ च्या केंद्रीय अधिनियमाखाली, तसेच महाराष्ट्रात १९६० च्या राज्य अधिनियमाखाली संरक्षित करण्यात आली. त्यांत सहसा कोणाची वस्ती नसते. नागरी वारशातील वास्तूंत मात्र भाडेकरू, दुकाने, कचेऱ्या नांदत असतात आणि त्यांखालील जमिनीचे मोल वास्तूच्या मोलाहून पुष्कळ अधिक असते. इमारत पाडण्याची वा तीवर मजले चढविण्याची परवानगी देणारी संस्था बहुधा महानगरपालिकाच असल्याने रक्षणाचा प्रश्नही अखेर तिच्याच दारी येतो.

अमेरिकेतील चार्ल्स्टन शहराने १९३१ मध्ये जुन्या वस्तीच्या जतनासाठी विशेष क्षेत्र ठरवून दिले. न्यूयॉर्कमध्ये पेनसिल्व्हेनिया स्थानकाची भव्य इमारत १९६३ पासून पाडण्यात आली. त्या लोकक्षोभातून १९६५ चा शहराचा जतनविषयक कायदा झाला. त्याखाली ग्रँड सेंट्रल स्थानकावर उत्तुंग इमारत उभारण्यास नाकारलेली परवानगी १९७८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरविली. मालकाला न वापरता आलेला बांधकामाचा हक्क जवळच्या भूखंडांवर नेता येतो, ही बाब न्यायालयाने विचारात घेतली होती. हीच कल्पना पुढे मुंबईच्या नियमांतही आढळते.

महाराष्ट्रात या कार्यास १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचा आधार आहे. बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ६७ अन्वये १९९५ मध्ये सहाशेहून अधिक नोंदींची यादी मंजूर झाली व सल्ला देण्यासाठी वारसा जतन समिती नेमण्यात आली. भारतातील या प्रकारच्या पहिल्या व्यवस्थांपैकी ही एक होय. यादीतील वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय वा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येत असून त्यांत बदलाला जवळजवळ वाव नाही. दुसरीत अंतर्गत फेरफार व नवा वापर यांना मुभा असते. तिसरीत रस्त्याचे वा वस्तीचे रूप घडविणाऱ्या इमारती येतात. निर्बंधांमुळे ज्याचे बांधकामाचे क्षेत्र वाया जाते, त्या मालकास हस्तांतरणीय विकास हक्क मिळू शकतो.

यादीत नाव आले, की इमारत वाचली, असे मात्र नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या सुमाराच्या पातळीवर गोठली. त्या भाड्यातून छपराची कौलेदेखील बदलता येईनात. काळा घोडा भागातील एस्प्लनेड मॅन्शन (पूर्वीचे वॉटसन हॉटेल) हे याचे ठळक उदाहरण. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी भाग जहाजाने आणून तिचा सांगाडा उभारला गेला, आणि ७ जुलै १८९६ रोजी ल्यूम्येअर बंधूंचे चलच्चित्रपट भारतात प्रथम येथेच दाखविले गेले. वारसा यादीत वरच्या श्रेणीत असूनही २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. नियम पाडकाम थांबवितो. डागडुजीचा खर्च मात्र तो देत नाही. रहिवाशांचा विरोधही अनेकदा यातूनच येतो. २०१२ मध्ये मुंबईची वाढीव यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत समाविष्ट केलेल्या शिवाजी पार्क परिसरातील अनेकांनी हरकती घेतल्या. पुनर्विकासाची आशा असलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने ते अस्वाभाविक नव्हते.

महानगरपालिका स्वतःच मालक असते, तेथे काम तुलनेने सुकर होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील, १८७२ मध्ये खुल्या झालेल्या संग्रहालयाची (सध्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) इमारत अत्यंत जीर्ण झाली होती. २००३ मध्ये महानगरपालिका, इंटॅक ही संस्था व एक खाजगी प्रतिष्ठान यांच्यात करार होऊन तिचा जीर्णोद्धार झाला. २००५ मध्ये त्यास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार लाभला व २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. दादाभाई नौरोजी मार्गावर प्रश्न वेगळा होता. तेथील तळमजल्यांवरील सलग कमानी हे १८९६ च्या नियमाचेच फळ. म्हणजे रस्त्याचे सौंदर्य मुळात नियमाने घडविलेले. शतकभरानंतर त्या कमानी दुकानांच्या फलकांनी झाकून गेल्या होत्या. दुकानदारांची समजूत घालून फलक कमानींच्या मापात बसविण्यात आले.

पुण्याच्या महानगरपालिकेकडे विश्रामबागवाडा आहे. अहमदाबादच्या महानगरपालिकेने १९९६ मध्ये वारसा कक्ष स्थापन केला व १९९७ पासून काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत रोजची वारसा-फेरी सुरू केली. २०१७ मध्ये या शहराच्या तटबंद भागाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथील पोळींतील कोरीव लाकडी घरे बहुतांशी खाजगी मालकीची असून एकेका घरावर अनेक वारसांचा हक्क असल्याने दुरुस्तीची संमती मिळविणे हेच तेथे बहुधा सर्वांत वेळखाऊ काम ठरते.