विषाणूचा माग

मुलांनो, आपले चाळीसगाव हे रेल्वेचे जंक्शन आहे. गाडीतून उतरलेला प्रवासी कोठून आला, हे त्याच्या तिकिटावरून कळते. पण एखादा आजार गावात शिरला, तर तो कोठून आला हे कसे ओळखावे? आजाराजवळ तिकीट नसते.

असा प्रश्न २००६ साली खरोखरच पडला होता. आपल्या शेजारच्या मालेगावात त्या वर्षी फेब्रुवारी-मार्च महिन्यांत दोन हजारांहून अधिक लोक तापाने आजारी पडले. तापाबरोबर सांधे असे धरत, की माणसाला सरळ उभे राहणे कठीण होई. ज्यांचे पोट यंत्रमागावर चालते, त्यांचे हातच आखडले तर घर कसे चालणार? या आजाराचे नाव चिकुनगुनिया. आफ्रिकेतील माकोंडे लोकांच्या भाषेतला हा शब्द आहे. त्याचा अर्थ 'वाकवून टाकणारा' असा होतो. त्या वर्षी भारतात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण आढळले.

हा आजार भारतात नवा नव्हता. १९६३ साली कलकत्त्यात आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ आली होती. नंतर तीस वर्षे तो जवळजवळ विसरला गेला. मग २००६ चा विषाणू बार्शीचाच होता, की नवा पाहुणा?

उत्तर शोधले पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने. ही संस्था १९५२ साली स्थापन झाली. जुन्या साथींचे विषाणू तेथे जपून ठेवलेले होते. शास्त्रज्ञांनी जुन्या आणि नव्या विषाणूंची जनुकीय अक्षरे वाचून ताडून पाहिली.

ही अक्षरे म्हणजे काय? प्रत्येक विषाणूच्या आत त्याची संपूर्ण माहिती लिहिलेली असते. तिला जीनोम म्हणतात. चिकुनगुनियाच्या जीनोममध्ये चारच प्रकारची अक्षरे असतात. पण ती सुमारे बारा हजार वेळा ओळीने येतात. विषाणू वाढतो, तेव्हा या मजकुराची नक्कल होते. नक्कल करताना मधूनच एखादे अक्षर चुकते. पुढच्या नकलांत तीच चूक उतरत जाते.

वर्गातले उदाहरण घ्या. दोन वह्यांत एकाच ठिकाणी एकसारखी चूक दिसली, तर एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले, हे शिक्षक लगेच ओळखतात. शास्त्रज्ञही असेच करतात. ज्या विषाणूंत सारख्या चुका, ते एका घराण्यातले.

तपासात काय दिसले? कलकत्ता आणि बार्शी येथील विषाणू आशियाई घराण्यातले होते. २००५-०६ चे विषाणू मात्र आफ्रिकी घराण्यातले निघाले. म्हणजे हा नवा पाहुणा होता. त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली पकडलेल्या डासांतील विषाणूही आफ्रिकी घराण्यातलाच होता! साथ भडकण्याच्या पाच वर्षे आधीच पाहुणा दारात येऊन बसला होता.

एका अक्षराचे मोल किती असते, हे तुम्हांला सांगायला नको. उर्दूत 'हाल' या शब्दाच्या पहिल्या अक्षराला खाली एक नुक्ता दिला, की 'जाल' होते. २००७ साली केरळातील विषाणूतही असेच एक अक्षर बदललेले आढळले. त्या बदलामुळे तो एडिस इजिप्तीबरोबरच बागांत वाढणाऱ्या दुसऱ्या जातीच्या एडिस डासातही जोमाने वाढू लागला. मग घरातील पाण्याबरोबर बागेतील करवंट्यांकडेही लक्ष देणे भाग पडले. अक्षरे वाचल्यामुळे कोणत्या डासावर नजर ठेवावी, हे कळते.

मात्र जीनोम वाचल्याने रुग्णाचे दुखणे थांबत नाही. चिकुनगुनियाचा विषाणू मारणारे खास औषध अजून नाही. म्हणून डासांना आळा घालणे हाच खरा उपाय. एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. रांजण, हौद, कूलर, जुने टायर ही त्याची घरे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवावीत.

विषाणूचा माग काढण्याचे काम पुण्याच्या प्रयोगशाळेत होते. त्याची वाट अडवण्याचे काम मात्र आपल्या अंगणातच करावे लागते.