पहिला पाऊस झाला, पेरायचे का?

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, वापसा आला, की मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला दोन-तीन दिवसांत वर्षातला सर्वांत महागडा निर्णय घ्यावा लागतो. सोयाबीनचे बी तीन-चार सेंटिमीटर खोल पडते आणि ओल असली की आठवड्याभरात उगवते. नेमकी तेव्हाच पावसाने पंधरा दिवस दडी मारली तर कोवळी रोपे माना टाकतात आणि दुबार पेरणी येते. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे, सगळे पुन्हा. थांबावे, तर ओल उडून जाते आणि शेजाऱ्याचे रान हिरवे झालेले बघावे लागते. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार राज्यातली सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर आहे. एवढ्या रानातली पेरणी वाया गेली तर ती भरून काढायला दुसरे रान नसते.

हा निर्णय घेताना शेतकरी अंदाजाकडे बघतो, पण वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो तो हवामान विभागाचा एप्रिलमधला हंगामी अंदाज. तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा आणि साऱ्या देशाचा असतो. देशाची सरासरी 87 सेंटिमीटर. तिच्या 96 ते 104 टक्के पाऊस झाला की तो ‘सामान्य’. धरणांचे आणि धान्यसाठ्याचे नियोजन करणाऱ्यांना हा आकडा हवाच. पण शंभर टक्के पावसाच्या वर्षातही जूनमध्ये तीन आठवड्यांचा खंड पडू शकतो, आणि पेरणी बुडवायला तेवढा पुरतो.

शेतकऱ्याला हवा असतो तो या खंडाचा अंदाज, आणि तो आता विज्ञानाच्या आवाक्यात येतो आहे. एखाद्या शिवारावर उद्या दुपारी सर कोसळेल का, हे सांगणे अवघड, कारण गडगडाटी ढगाचा पसारा काही किलोमीटरचाच. मान्सूनची आगेकूच आणि उघडीप मात्र हजारो किलोमीटरवरच्या वाऱ्यांवर आणि विषुववृत्ताच्या आसपास पूर्वेकडे सरकणाऱ्या ढगांच्या पट्ट्यांवर ठरते. ही रचना सावकाश बदलते, म्हणून तिचा माग दोन-चार आठवडे आधी लागू शकतो.

2025 साली याचा प्रत्यय आला. मान्सून 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख 11 जून. मग मात्र त्याची वाटचाल जवळपास वीस दिवस अडली. त्या हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने 13 राज्यांतल्या सुमारे 3 कोटी 80 लाख शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचा अंदाज एसएमएसने कळवला होता, काहींना चार आठवडे आधी. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी गूगलची आणि युरोपीय हवामान केंद्राची मॉडेल वापरली होती, आणि ही उघडीप त्यांनी आधीच हेरली होती. त्यापूर्वी तेलंगणातल्या 250 गावांत एक अभ्यास झाला होता. पाऊस अपेक्षेपेक्षा उशिरा येणार असे ज्यांना आधी कळले, त्यांनी लागवड कमी केली. लवकर येणार असे ज्यांना कळले, त्यांनी शेतीवरचा खर्च वाढवला. शेतकरी ऐकत नाहीत ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही.

हवामान विभागाची ग्रामीण कृषी मौसम सेवा दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच दिवसांचा अंदाज आणि पीकसल्ला देते. राज्यात तो परभणी, राहुरी, अकोला, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांतून निघतो. सल्ला चांगला असतो: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका, वारा असताना फवारू नका. अंदाज समजून घेताना मात्र घोटाळा होतो. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या भागातल्या फार तर एक चतुर्थांश पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. वाचणारा आपल्या रानात तो धरून बसतो. उलट यूट्यूबवरचा भाकीतकार सरळ तारीख सांगतो, म्हणून लोक त्याला ऐकतात. हवामान विभागाने त्याच्यासारखी खोटी खात्री देऊ नये. पण ‘येत्या दोन आठवड्यांत मोठी उघडीप पडण्याची शक्यता दहात सात’ असे सांगितले, तर आपण किती जोखीम घ्यायची हे कुणालाही ठरवता येते.

पाऊस किती झाला हेही गावात कळायला हवे. राज्याच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांच्या नोंदींची चर्चा होते ती पीकविम्याच्या वादात, म्हणजे नुकसान झाल्यावर. तोच आकडा जूनमध्ये रोज सकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला, तर 75 ते 100 मिलिमीटरचा सल्ला पाळता येईल. एका मंडळात अनेक गावे असतात आणि पाऊस शीव बघून पडत नाही, म्हणून गावागावांत साधे पर्जन्यमापकही हवे.

कृषी विज्ञान केंद्रांमधली 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे 2024 च्या सुरुवातीला बंद झाली, याचे मला फार वाईट वाटते. तालुक्याचा अंदाज तिथल्या पिकाशी जोडून तो व्हॉट्सॲपवर देणारी, उलटून विचारले तर उत्तर देणारी माणसे तिथे होती. पुढच्याच वर्षी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ने अंदाजाची जाळी 12 किलोमीटरवरून 6 किलोमीटरवर आणली. एवढा बारीक अंदाज हाती आला असताना तो समजावून सांगणारा माणूस जिल्ह्यात नसावा, हे चुकीचे आहे. ही केंद्रे पुन्हा सुरू करावीत.

आणि एसएमएस जातो तो नोंदवलेल्या नंबरवर. जमीन बटईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. नवरा शहरात कामाला असेल तर पेरणी बाई करते आणि संदेश शहरातल्या फोनवर वाजतो. रानात प्रत्यक्ष कोण उतरते हे गावातल्या कृषी सहायकाला ठाऊक असते. मे महिन्यात त्या माणसांचे नंबर नोंदवून घेता येतील.