त्रिभाषा सूत्र आणि शैक्षणिक धोरणातील सत्तासंबंध

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची भाषा सर्वसंमतीची असते. त्याची घडण मात्र विषम बळ असलेल्या घटकांच्या ताणातून होते. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही धोरणांत कायम राहिलेले त्रिभाषा सूत्र या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरते.

कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) अहवालानंतर, जुलै १९६८ मध्ये हे सूत्र राष्ट्रीय धोरणाचा भाग झाले. हिंदीभाषक राज्यांनी हिंदी व इंग्रजीसह एक आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दाक्षिणात्य, शिकवावी आणि अन्य राज्यांनी प्रादेशिक भाषा, हिंदी व इंग्रजी शिकवावी, असे त्याचे स्वरूप होते. तत्कालीन मद्रास राज्याने जानेवारी १९६८ मध्येच विधानसभेत ठराव करून द्विभाषा सूत्र स्वीकारले होते. उत्तरेतील अनेक राज्यांनी सूत्र मान्य केले; परंतु तिसऱ्या भाषेच्या जागी प्रायः संस्कृतची योजना करून त्याचा मूळ हेतू निष्प्रभ केला. एका पक्षाने उघड नकार दिला, दुसऱ्याने होकार देऊन अंमलबजावणी टाळली. धोरण लिहिण्याचा अधिकार आणि ते राबविण्याचा अधिकार भिन्न हाती असल्याचा हा परिणाम होय.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले आणि केंद्राचे वैधानिक बळ वाढले. त्याहून प्रभावी साधन निधीचे ठरले. २०१८ पासूनच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत बहुतांश राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के ठरविण्यात आला. ‘पीएम श्री’ योजनेचा करार न केल्याने २०२४ मध्ये तमिळनाडूचा या योजनेतील निधी अडला आणि २०२५ मध्ये ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. शिफारस स्वीकारण्याचे स्वातंत्र्य कागदावर अबाधित असले, तरी त्याची किंमत मोजावी लागते, हे यातून स्पष्ट होते.

संघटित लोकमताचे बळही दुर्लक्षणीय नाही. २०१९ च्या मसुद्यातील हिंदीच्या उल्लेखाला दक्षिणेतून विरोध होताच काही दिवसांतच तो बदलण्यात आला. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकविण्यासंबंधीचे २०२५ चे शासन निर्णय व्यापक विरोधामुळे २९ जून रोजी मागे घेण्यात आले. खासगी संस्थाचालकांचा मार्ग निराळा होता. प्राथमिक स्तरावर मातृभाषा माध्यमाची सक्ती करणाऱ्या कर्नाटकाच्या १९९४ च्या आदेशाविरुद्ध ते न्यायालयात गेले आणि माध्यमाची निवड पालकांची आहे, असा निर्णय घटनापीठाने २०१४ मध्ये दिला. राज्याचे भाषाधोरण येथे पालकांच्या निवडीपुढे, पर्यायाने इंग्रजीच्या मागणीपुढे, मर्यादित झाले.

तथापि ज्यांच्यापाशी शासन, पक्ष, निधी वा वकील यांपैकी काहीच नाही, अशा घटकांचे काय, हा प्रश्न उरतो. १९५६ मध्ये समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सांगतो. पण राज्यांनी त्यासाठी ‘प्रयत्न’ करावा, एवढीच त्याची भाषा आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळाही याच सौम्य तरतुदीच्या आधारे उभ्या आहेत. गोंडी भाषकांची स्थिती याहून बिकट आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या सुमारे ३० लाख होती. परंतु ते अनेक राज्यांत विखुरलेले असून कोणत्याही राज्याची ती राजभाषा नाही. गडचिरोलीतील गोंड बालकाला मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषा शाळेतच शिकाव्या लागतात. त्याची स्वतःची भाषा सूत्राच्या गणनेत येत नाही. २०२० च्या धोरणाने किमान पाचवीपर्यंत मातृभाषा माध्यमाचा पुरस्कार केला असला, तरी त्याला ‘शक्य असेल तेथे’ अशी मर्यादा आहे.

तिसरी भाषा कोणती, हा वाद पहिली भाषा सुरक्षित असलेल्यांमधील आहे. ज्यांची पहिली भाषाच शाळेच्या दाराबाहेर राहते, त्यांना धोरणनिर्मितीत स्थान मिळते की नाही, यावरच त्या धोरणाचे राष्ट्रीयत्व तपासले पाहिजे.