काम सुटले तरी चाल सुटू नये



'आम्हाला कशाला हवा व्यायाम? शेत हीच आमची तालीम!' असे उत्तर मला गावोगावच्या बैठकांत मिळते. मोट हाकणाऱ्या पिढीबाबत ते खरे होते. आज विहिरीवर मोटार आहे, नांगरट ट्रॅक्टर करतो आणि बांधापर्यंत आपण फटफटीवर जातो. मीही त्यातलाच. नोकरीच्या सुरुवातीला शिवार पायी तुडवणारा हा विस्तार अधिकारी गेल्या वर्षी एक टेकाड चढताना धापा टाकू लागला. सोबतचे सत्तरीचे शेतकरी म्हणाले, "साहेब, जरा टेका." तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला.

बसल्याने शरीर किती झपाट्याने उतरते ते पाहा. 1966 साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले. उठल्यावर त्यांचा दम चौथ्या हिश्श्याहून अधिक घटला होता. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने केले नव्हते एवढे नुकसान त्या तीन आठवड्यांनी केले होते! मग त्यांच्याकडून सहा महिने, हळूहळू वाढवत, चालणे, धावणे, सायकल असा सराव करून घेतला. पन्नाशीतल्या त्या माणसांचा वयाने गेलेला दम परत आला.

आता मेंदूचे. हृदय हा विहिरीवरचा पंप मानला, तर मेंदू हे उंचावरचे वावर. वजनाने तो शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण प्राणवायू घेतो जवळजवळ पाचवा हिस्सा. पाइप चोंदले, दाब बिघडला, की झळ तिथवर पोचतेच. म्हणून वाढलेला रक्तदाब हृदयविकार आणि पक्षाघात यांना तर बोलावतोच, शिवाय उतारवयातील विस्मरणाचा धोकाही वाढवतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 55 ते 80 वयाच्या काही मंडळींना वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, 40 मिनिटे चालवले. मेंदूतील स्मरणाशी निगडित भाग वयानुसार आक्रसतो. त्यांचा तो सुमारे 2 टक्क्यांनी वाढला.

मोठ्यांनी आठवड्याला निदान 150 मिनिटे भरभर चालावे. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतके भरभर. मुलांना रोज तासभर धावू-खेळू द्या, परीक्षा असली तरी. घरातल्या बायकांना मात्र 'आणखी चाला' असे सांगताना मला संकोच वाटतो. खुरपणी, धुणी, स्वयंपाक करून त्यांच्या वाट्याला विश्रांतीच कमी येते. त्यांचा रक्तदाब वेळच्या वेळी तपासून घ्या आणि मिश्री सोडवा. बिडी-तंबाखूचे पुरुषांनाही तेच.

खरी चूक आपण म्हाताऱ्यांच्या बाबतीत करतो. मुलगा कर्ता झाला की मायेने म्हणतो, "आबा, आता तुम्ही बसा." मीही वडिलांना तसेच म्हणालो होतो. दोन वर्षे ते ओसरीवर बसले आणि मग खांब धरल्याशिवाय त्यांना उठता येईना. अखेर डॉक्टरांना विचारून सकाळी दूध डेअरीवर नेण्याचे काम त्यांच्याकडे दिले. पहिले आठ दिवस ते मारुतीच्या पारापर्यंतच जात. बरणी नातू पुढे नेई. आता बरणी तेच नेतात आणि फॅट किती लागले ते घरी येऊन तोंडपाठ सांगतात.

मधुमेह, रक्तदाब असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा. चालताना छातीत दाटले, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. ओवा-सोडा खाऊन वाट पाहू नका.